कशात भोक पाडायचंय?

शिरूरला, म्हणजे जुनी माणसं ज्याला अजून घोडनदी म्हणतात तिथं, माझं विजेची अवजारं दुरुस्त करायचं लहानसं दुकान आहे. माझं बालपण दौंडला गेलं. वडील रेल्वेत फिटर होते. त्यामुळे शिरूर आणि दौंड, दोन्हीकडचं गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. कुणी आर्मेचर जळालेलं ग्राइंडर आणतं, कुणी कार्बन संपलेलं ड्रिल. पण अलीकडे दुरुस्तीपेक्षा जास्त माणसं एक प्रश्न घेऊन येतात. ‘बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन घ्यायचंय, सगळ्यांत चांगलं कुठलं?’

बियाण्याच्या दुकानात जाऊन ‘सगळ्यांत चांगलं बी कुठलं’ असं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर दुकानदार आधी उलट विचारतो, रान कसलं आहे, पाणी किती आहे? पाबळ-केंदूरच्या माळाला चालणारं बी वेगळं, मांडवगण फराट्याच्या काळ्या रानाला चालणारं वेगळं. हे आपल्याला न शिकवता कळतं. मशीन घेताना मात्र आपण खोक्यावरचा मोठा आकडा बघतो आणि पैसे मोजतो. मीही एकदा असाच मोठा आकडा बघून सल्ला दिला होता. त्याची किंमत माझ्या पुतण्यानं मोजली. ती गोष्ट सांगतोच, पण आधी थोडं मागं जाऊ.

भोक पाडणं हे आपल्या भागात नवीन काम नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. त्या वस्तीत दगडाचे मणी सापडले. मणी म्हटला की त्याला आरपार भोक आलंच. इतक्या कठीण दगडात, इतकं बारीक आणि सरळ भोक पाडणारा कारागीर आपल्याच नदीकाठी बसत होता. त्याच्या हाताशी वीज नव्हती, पण दगड कसला आहे आणि त्याला किती जोर सोसेल, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. नाहीतर मणी फुटला असता.

पुढं आपल्या सुतारांकडे गिरमिट आलं, सामता आला. सामत्याला दोरी गुंडाळून कमानीनं मागंपुढं ओढायचं. लहानपणी दौंडला आमच्या शेजारचा सुतार सामता चालवायचा तेव्हा दोरी ओढायचं काम आम्हा मुलांकडे असायचं. विजेवर चालणारं हातातलं ड्रिल जर्मनीत १८९५ साली फाइन या कंपनीनं केलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा असलेलं ड्रिल अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरनं आणलं, त्याचं पेटंट १९१७चं. त्याच कंपनीनं १९६१ साली वायर काढून टाकून बॅटरीवरचं ड्रिल बाजारात आणलं. आणि १९७१ साली अपोलो १५ मधले अंतराळवीर बॅटरीवरचं ड्रिल घेऊन थेट चंद्रावर उतरले. तिथंही काय झालं ठाऊक आहे? जमिनीत घातलेली नळी अडकून बसली आणि दोघांना मिळून, अंगाचा सगळा जोर लावून ती उपसून काढावी लागली. बिट अडकतं ते असं, चंद्रावरसुद्धा. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आता तुम्ही म्हणाल, वायरचं ड्रिल असताना बॅटरीचं कशाला? आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २००५ च्या पुढची काही वर्षं आपण भारनियमनात काढली. आज गावठाणात वीज बरी असते, पण रानातल्या वस्त्यांचं गणित अजून वेगळंच आहे. शेतीपंपाच्या वाहिनीवर बऱ्याच ठिकाणी वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. उसाच्या कडेला रात्री काम करायचं म्हटलं तर बिबट्याची धास्ती. वस्तीच्या टोकाला दाब इतका कमी की वायरचं ड्रिल नुसतं गुरगुरतं. आणि कितीतरी कामं अशी असतात की तिथं वीज आलेलीच नसते. कांदाचाळ उभी करायची, गोठ्यावर पत्रे टाकायचे, सौर पंपाचा सांगाडा बसवायचा. शंभर फूट वायर ओढायची, ती चिखलातून न्यायची, जनावरांच्या पायाखालून न्यायची, यात धोका आहे. ओल्या गोठ्यात सोललेली वायर म्हणजे साक्षात यम. म्हणून बॅटरीचं ड्रिल ही चैन राहिलेली नाही. प्रश्न एवढाच, की कुठलं.

आता पुतण्याची गोष्ट. आमचं मूळ गाव दौंड तालुक्यात. थोरला भाऊ शेती करतो. त्याच्या मुलानं फॅब्रिकेशनचं काम शिकून घेतलं आणि कांदाचाळी, गोठे, शेड अशी कामं अंगावर घ्यायला लागला. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला. ‘आप्पा, बॅटरीचं मशीन घ्यायचंय. दुकानात उभा आहे. कुठलं घेऊ?’

माझ्यापुढं एक गिऱ्हाईक बसलेलं. मी म्हणालो, ‘मोठंच घे. एकदाच घे. पुन्हापुन्हा घेणं होत नाही.’

त्यानं पतसंस्थेतून कर्ज काढून मोठं मशीन घेतलं. आणि तिसऱ्याच आठवड्यात चौफुल्याजवळच्या एका वस्तीवर तो शिडीवर चढला, चाळीच्या जाड अँगलला बारा मिलिमीटरचं भोक पाडायला. एका हातानं अँगलचा आधार घेतलेला, दुसऱ्या हातात मशीन. भोक पाडत आलं की शेवटच्या क्षणी, म्हणजे बिट पलीकडे निघताना, ते लोखंडात दात रोवतं. बिट थांबलं. पण मोटार थांबली नाही. बिट फिरत नाही म्हटल्यावर मशीनच फिरलं, आणि त्याच्याबरोबर मनगट. हाड मोडलं. खाली पडला नाही, हे नशीब. सहा आठवडे प्लॅस्टर. कांदा काढणीच्या आधीचा तो हंगाम, चाळींची कामं तेव्हाच मिळतात. घेतलेली तीन कामं दुसऱ्यांना गेली आणि हप्ते मात्र चालूच राहिले.

मी भेटायला गेलो. भाऊ काही बोलला नाही. चहा झाला. निघताना फाटकापर्यंत आला आणि एवढंच म्हणाला, ‘तू त्याला मशीन सांगितलंस. काम काय आहे, ते विचारलं नाहीस.’

त्या दिवसापासून माझ्या दुकानात कुणी ‘कुठलं घेऊ’ म्हणालं, की मी आधी विचारतो, ‘कशात भोक पाडायचंय?’ आज तुमच्यापुढं तेच प्रश्न ओळीनं मांडतो.

पहिला प्रश्न हाच. लाकूड, लोखंड, वीट की आरसीसी? लाकडात आणि प्लायवुडमध्ये लहान ड्रिल आरामात चालतं. लोखंडाला जोर लागतो, पण वेग कमी लागतो. बिट जितकं जाड, तितका वेग कमी. थेंबभर तेल सोडायचं. निघणारा कीस निळा पडायला लागला तर समजा, तुम्ही लोखंड कापत नाही, बिट भाजताय. विटेच्या भिंतीत प्लॅस्टिकचा प्लग बसवायला हॅमरची सोय असलेलं ड्रिल पुरतं. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि बिटाला बारीक बारीक ठोके बसतात.

पण आरसीसीचा स्लॅब, बीम किंवा कॉलम असेल तर ही चकत्यांची ठोकाठोक कामाची नाही. तुम्ही दहा मिनिटं दाबत राहाल, बिट लाल होईल, बॅटरी संपेल आणि भोक अर्धा इंच. तिथं रोटरी हॅमरच हवा. त्यात हवेच्या दाबानं दट्ट्या मागंपुढं होतो आणि खरा घाव बसतो. त्याची बिटंही वेगळी, मागं खाचा असलेली. खोक्यावर हातोड्याचं चित्र दोन्ही मशीनच्या असतं, म्हणून माणूस फसतो. वर्षात दोन वेळा पंख्याचा हूक बसवायला स्लॅब फोडायचा असेल तर रोटरी हॅमर भाड्यानं आणा. त्यासाठी विकत घेऊ नका.

दुसरा प्रश्न, भोक पाडायचंय की स्क्रू पिळायचेत? हे फार कमी जण स्वतःला विचारतात. पुतण्याचं काम मी नंतर बसून मोजलं. दहातली आठ कामं स्क्रू पिळायची होती. पत्र्याला षटकोनी डोक्याचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारायचे. त्याला मोठ्या मशीनची गरजच नव्हती. स्क्रूसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचं वेगळं, बुटकं मशीन मिळतं. त्यात आतल्या आत हातोडी आडव्या दिशेनं ठोके देते, त्यामुळे स्क्रू जोरात फिरतो पण मनगटाला झटका फारसा येत नाही. लांब स्क्रू, बोल्ट यांना ते उत्तम. मात्र पत्र्याच्या स्क्रूखाली रबराचा वॉशर असतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर बेतानं चालवला नाही तर तो वॉशर चेपून बाहेर काढतो आणि पहिल्याच पावसात चाळ गळते. कांदा भिजला की वॉशरची किंमत कळते. म्हणून पत्र्याच्या कामाला मी क्लच असलेलं मध्यम ड्रिल सांगतो.

क्लच म्हणजे काय? ड्रिलच्या तोंडाशी, चकच्या मागं आकडे असलेली एक कडी असते. एकपासून वीसपर्यंत वगैरे. बहुतेक जण ती एकदाही फिरवत नाहीत. स्क्रू ठरावीक पिळाला पोचला की क्लच कट् कट् वाजून सुटतो आणि पुढं पीळ देत नाही. लहान आकडा लहान स्क्रूला, मोठा आकडा मोठ्याला. सुरुवात लहान आकड्यानं करायची आणि स्क्रू नीट बसेपर्यंत एकेक वाढवत न्यायचं. त्याच कडीवर शेवटी ड्रिल बिटाचं चित्र असतं. तिथं कडी नेली की क्लच बाजूला होतो आणि मोटारीचा सगळा पीळ थेट बिटाला मिळतो. पुतण्याचं मशीन त्या दिवशी तिथंच होतं. भोक पाडायला ते बरोबरच होतं, पण मग मशीन धरायलाही तेवढीच तयारी हवी होती.

तिसरा प्रश्न, कुठं उभं राहून पाडायचंय? जमिनीवर दोन्ही पाय रोवून, की शिडीवर? इथं खोक्यावरचा एक आकडा समजून घ्या, न्यूटन-मीटर. हा पिळाचा आकडा. सोपं करून सांगतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅमचं वजन टांगलं तर जो पीळ पडतो, तो एक न्यूटन-मीटर. ६० न्यूटन-मीटरचं मशीन म्हणजे त्याच पान्याच्या टोकाला सहा किलो. सहा किलो काही फार नाही, असं वाटेल. पण तुमचा हात एक मीटरवर नसतो. मुठीचा जोर मशीनच्या मध्यापासून पंधरा सेंटिमीटरवर धरला, तर तिथं सहाचे चाळीस किलो होतात. बिट अडकलं की एका क्षणात चाळीस किलोचा हिसका मनगटाला. शिडीवर एका हातानं चाळीस किलो कोण झेलणार?

मोठ्या मशीनबरोबर बाजूला लावायची एक मूठ मिळते. ती लावली आणि जोर तीस सेंटिमीटरवर गेला, तर तोच हिसका वीस किलोवर येतो, आणि तोही दोन हातांत वाटला जातो. आमच्या पठ्ठ्यानं ती मूठ खोक्यातच ठेवली होती. अडचण होते म्हणाला. मीही फोनवर तिच्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. तेव्हा मोठा पीळ हवाच असेल तर बाजूची मूठ लावायची, भोक शक्यतो अँगल जमिनीवर असतानाच, पकडीत घट्ट धरून पाडून घ्यायचं आणि मग तो वर चढवायचा. बिट पलीकडे निघताना दाब कमी करायचा. काही नव्या मशीनमध्ये हिसका ओळखून मोटार आपोआप बंद करायची सोय असते. जड काम करणाऱ्यानं ती असलेलंच मशीन घ्यावं. आणि शिडीवरच्या कामाला हलकं मशीन.

आता खोक्यावरचे बाकीचे आकडे. व्होल्ट. बाजारात मुख्यतः दोन घराणी आहेत, १२ व्होल्ट आणि १८ व्होल्ट. काही कंपन्या १८ ला २० लिहितात. त्यात जादू काही नाही. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा. पाच सेल म्हणजे १८. पूर्ण चार्ज झाल्याबरोबर तेच पाच सेल २० च्या वर दाखवतात, म्हणून २० लिहिलं. तसंच तीन सेलचे १०.८, त्याला म्हणतात १२. म्हणजे १८ वाला आणि २० वाला हे एकच.

पण आठवडे बाजारात आणि मोबाइलवरच्या जाहिरातीत ४८ व्होल्ट, ८८ व्होल्ट असे आकडे छापलेली स्वस्त मशीनं दिसतात. अशी एक बॅटरी माझ्याकडे दुरुस्तीला आली. उघडली, आत पाच सेल. पाच सेलचे ४८ व्होल्ट कुठल्या गणितानं होतात? ४८ व्होल्टला तेरा सेल तरी लागतात, आणि तेरा सेल त्या तळहाताएवढ्या डबीत मावत नाहीत. हा आकडा रंगाचा आहे, विजेचा नाही. आणणारा एक मजूर होता, दोन आठवड्यांची मजुरी त्यात घातलेली. त्याला हे सांगताना मलाच जड गेलं.

दुसरा आकडा अँपिअर-तास. व्होल्टला शेताची रुंदी समजा आणि अँपिअर-तासाला लांबी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे रान किती ते. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. सलग ३०० वॉटचा भार टाकला तर ही बॅटरी सात मिनिटांत संपेल. घाबरू नका, ड्रिल असं सलग चालत नाही. एक स्क्रू दोन-चार सेकंदांचा. पण यावरून एक कळतं. दिवसभर मोठी भोकं पाडायची असतील तर एका बॅटरीनं भागत नाही, दोन तरी हव्यात, एक मशीनमध्ये आणि एक चार्जरवर. आणि चार्जरला वीज लागतेच. रानात वीज पाळीनं येत असेल तर रात्रीच दोन्ही भरून न्या.

खरं सांगू का, बॅटरीचं ड्रिल घेताना आपण मशीन घेत नसतो, बॅटरी घेत असतो. मशीन पाच-सात वर्षं चालतं, बॅटरी त्याआधी थकते, आणि नव्या बॅटरीची किंमत पुष्कळदा नुसत्या मशीनच्या जवळपास जाते. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही. म्हणून पहिल्या खरेदीतच पुढची सोयरीक ठरते. उद्या ग्राइंडर, कटर, फवारणीचा पंप घ्यायचा झाला तर तो याच बॅटरीवर मिळतो का, हे आजच बघा. आणि बॅटरी वेगळी मिळते का, ती शिरूरला किंवा दौंडला मिळते की दर वेळी पुण्याला पळावं लागतं, हेही विचारा. एक दिवस पुण्याला गेला म्हणजे एक दिवसाचा रोजगार गेला. शिवाय खोक्यावर नीट वाचा. स्वस्त दिसणारं मशीन कधी कधी नुसतंच असतं, आत बॅटरी आणि चार्जर नसतो.

बॅटरीचा आपल्याकडचा मोठा शत्रू ऊन. दौंडच्या बाजूला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मोटारसायकलच्या डिकीत त्याहून जास्त. तिथं दुपारभर राहिलेली बॅटरी आतून म्हातारी होते. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत थंड होऊ द्या. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पूर्ण संपवून भराव्या लागत, त्या सवयीची माणसं लिथियमचीही बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत पिळतात. तसं करू नका. मशीन मंद झालं की थांबा. पावसाळ्यात महिना-दोन महिने काम नसेल तर अर्धी भरून, घरात कोरड्या जागी ठेवा. रिकामी ठेवलेली बॅटरी दिवाळीला उघडली तर बहुधा उठत नाही. आणि मेलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकू नका, जाळू तर मुळीच नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. दुकानदाराला परत द्या.

आता माझ्या धंद्यातलं. ‘ब्रशलेस घेऊ का कार्बनवालं?’ असं विचारतात. कार्बनच्या मोटारीत कार्बनचे दोन तुकडे घासत राहतात. ते झिजले की बदलायचे. पाच मिनिटांचं आणि थोड्या पैशांचं काम. ब्रशलेसमध्ये ती घासाघासी नाही. त्यामुळे बॅटरी जास्त पुरते, मोटार कमी तापते, झीज कमी. रोज वापरणाऱ्याला ब्रशलेसच परवडतं. पण त्यात इलेक्ट्रॉनिकची पट्टी असते. ती गेली तर माझ्यासारख्याच्या हाती फारसं काही राहत नाही, पट्टीच बदलावी लागते आणि ती महाग पडते. महिन्यातून दोनदा घरचं काम करणाऱ्यानं कार्बनचं घेतलं तरी काही बिघडत नाही. हे माझ्या पोटावर पाय देणारं आहे, तरी सांगतो.

चकचाही विचार करा. १० मिलिमीटरचा चक हलक्या कामाला, १३ चा जड कामाला. आणि दोन गिअर असलेलं घ्या. वरच्या खटक्यावर १ लिहिलंय तिथं वेग कमी आणि पीळ जास्त, २ वर वेग जास्त आणि पीळ कमी. स्क्रूला आणि जाड बिटाला १, बारीक बिटाला २. मशीन चालू असताना खटका बदलू नका. दात तुटलेले गिअर माझ्याकडे दर महिन्याला येतात ते त्यामुळंच.

तर आता हिशेब मांडू. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या ताईंना फोटो टांगायचेत, पडद्याचे रॉड लावायचेत, कपाटाची बिजागरी घट्ट करायचीय. त्यांना १२ व्होल्टचं, हॅमरची सोय असलेलं लहान ड्रिल भरपूर झालं. हातात हलकं, कपाटात मावतं. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फर्निचर जोडायला जाणाऱ्या मुलानं लहान ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर अशी एकाच बॅटरीची जोडी घ्यावी. एकात बिट, दुसऱ्यात स्क्रू, बदलाबदलीत जाणारा वेळ वाचतो. पत्रे, चाळी, सौर सांगाडे करणाऱ्यानं १८ व्होल्टचं, मध्यम पिळाचं, ब्रशलेस ड्रिल आणि दोन बॅटऱ्या घ्याव्यात. वायरिंगचं काम करणाऱ्याला दिवसभर भिंती आणि स्लॅब. त्यानं पैसे रोटरी हॅमरमध्ये घालावेत. आणि ज्याचं काम एका जागी, वर्कशॉपमध्ये, विजेच्या बटणाशेजारी आहे, त्यानं बॅटरीचं घेऊच नये. त्या पैशांत वायरचं दुप्पट दणकट मशीन येतं, आणि त्याची बॅटरी कधी संपत नाही.

दुकानात गेल्यावर लाजू नका. मशीन हातात घ्या, बॅटरी लावून घ्या. मोकळ्या हाताला सगळंच हलकं लागतं. हात खांद्याच्या वर नेऊन एक मिनिट तसाच धरा. हात थरथरला तर ते मशीन तुमच्यासाठी नाही, मग ते कितीही चांगलं असो. घोडा हळूहळू दाबून बघा, वेग हळूहळू वाढला पाहिजे. चक डोळ्यासमोर फिरवा, डुगडुगता कामा नये. आणि बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटी नाही.

पुतण्याचं मनगट आता बरं आहे. थंडीत जरा धरतं, म्हणतो. ते मोठं मशीन त्यानं विकलं नाही. वर्कशॉपमध्ये जमिनीवर, बाजूची मूठ लावून वापरतो. शिडीवर चढताना हातात हलकं असतं. कर्ज त्यानं फेडलं, मला एका शब्दानंही बोलला नाही. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. मी ‘बोल’ म्हणायच्या आत तोच म्हणाला, ‘आप्पा, आधी काम सांगतो. जुन्या विहिरीच्या दगडी कठड्याला जाळीचा सांगाडा बसवायचाय. दगड काळा आहे, भोकं दहाची, सोळा. वीज नाही. जमिनीवर उभं राहून पाडायचीत. आता सांगा.’

मी समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं, खुर्ची ओढून बसलो, आणि मग आम्ही सावकाश बोललो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)